पाचपैकी दोन

स्वतःच्या वडिलांविरुद्ध तक्रार नोंदवायला सर्च इंजिनच्या फॉर्ममध्ये वेगळा रकाना नाही. मी सगळा फॉर्म दोनदा खालीवर पाहिला. 'द्वेषपूर्ण मजकूर' आहे, 'धमकी' आहे, 'जाहिरातबाजी' आहे, 'विषयाशी संबंध नाही' हेही आहे. पण 'अभिप्राय देणारे गृहस्थ माझे जन्मदाते असून ते पहिल्यापासून असेच आहेत' हा पर्याय कुठल्याही शहाण्या इंजिनियरला सुचलेला नाही. शेवटी 'यांपैकी काही नाही' निवडलं आणि बटण दाबलं. चार सेकंदांत उत्तर आलं : 'आम्ही तुमची तक्रार काळजीपूर्वक तपासली. नियमभंग आढळला नाही.' चार सेकंद! चार सेकंदांत मला माझा चष्मा सापडत नाही, आणि यांनी काळजीपूर्वक तपासलं.

आता यावर रागावू नको तर काय करू? कारण माझा धंदाच मुळी हा आहे. मी वेब मार्केटर आहे. म्हणजे नक्की काय, हे मी बाबांना नऊ वर्षं समजावतो आहे आणि ते नऊ वर्षं 'बरं' म्हणताहेत. थोडक्यात सांगायचं तर मी लोकांची अब्रू सांभाळतो. पूर्वी माणसाची अब्रू चारचौघांत असायची. आता ती पाच ताऱ्यांत असते. चारचौघांना निदान रस्त्यात गाठून दोन शब्द सुनावता यायचे, ताऱ्यांना कुठे गाठणार? कोणी तुमचं नाव टाइप केलं की चांगलं ते पहिल्या पानावर दिसलं पाहिजे आणि वाईट ते दुसऱ्या पानावर गेलं पाहिजे, एवढंच माझं काम. दुसऱ्या पानावर कोणी जात नाही. गेलाच तर माणूस स्वतःचं नाव शोधायला जातो. एका फर्निचरवाल्याचा सोफा भर पाहुण्यांत मोडला आणि पाहुण्यांनी त्याचा फोटो टाकला, तेव्हा मी 'सोफ्यावर कसे बसावे' या विषयावर सात लेख लिहून तो सोफा तिसऱ्या पानावर ढकलला होता. सातवा लेख लिहिताना तर मलाच खात्री पटली की चूक बसणाऱ्यांचीच होती.

असा मी. आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या अब्रूवर, माझ्याच बापाने दोन तारे ठेवले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

झालं ते असं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, माझी बायको पाळणाघर चालवते. पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात पलीकडच्या रस्त्यावर एक मोठी कंपनी आली. आपल्याकडे काम करणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी महिनाअखेरपर्यंत पाहणी करून ती जवळपासचं एक पाळणाघर ठरवणार होती. पत्र आलं त्या दिवशी बायकोने ते तीनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. तिला ते काम किती हवं आहे हे ती बोलली नाही. पण संध्याकाळी शिंप्याची टेप घेऊन ती पाळणाघराशेजारची बंद खोली मोजत होती, आणि लांबी-रुंदी हातावर पेनाने लिहीत होती. तेव्हा मी समजलो. पत्रात बरंच काही होतं, पण माझ्या नजरेत एकच ओळ भरली : 'ऑनलाइन मानांकन किमान साडेचार असावे.'

मी म्हटलं, "हे माझ्यावर सोड."

या तीन शब्दांनी आजवर नवऱ्यांनी संसाराचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कशानेच झालं नसेल.

पाळणाघराचे तेव्हा फक्त दोन अभिप्राय होते, दोन्ही आयांचे, दोन्ही पाच ताऱ्यांचे. जेवताना मी म्हणालो की अजून थोडे अभिप्राय हवेत. बाबा आमच्याकडेच असतात. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढचा आठवडाभर ते दुपारचे कुठे जातात याची मी चौकशी केली नाही. आणि एके सकाळी पाहतो तो पाचचे चार झालेले! पाच, पाच आणि दोन, भागिले तीन. दोनच्या खाली पंधरा-वीस ओळींचा निबंध होता. तो मी वाचला नाही. आमच्या धंद्यात अभिप्राय वाचत नाहीत, मोजतात. नाव मात्र वाचलं. ते अकाउंट मीच त्यांना काढून दिलं होतं, हवामान बघायला.

"बाबा, दोन?"

"पाचपैकी दोन. म्हणजे चाळीस टक्के." बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "पस्तीसला पास. पास आहे ती."

"अहो, इथे तसं नसतं! इथे चार म्हणजे वाईट आणि पाच म्हणजे ठीक!"

"मग चांगल्याला काय देतात?"

या प्रश्नाला आमच्या धंद्यात उत्तर नाही. मी विषय बदलला. "पाच नका देऊ, निदान चार द्या."

"पाचपैकी पाच मी चाळीस वर्षांत कोणाला दिले नाहीत. पाच दिले की मुलगा वही मिटतो. आणि दिलेले गुण मी बदलत नाही. एका आमदाराचा मुलगा होता वर्गात, त्याचेसुद्धा बदलले नाहीत."

"हे गुण नाहीत हो बाबा, हे तारे आहेत!"

"वशिला लावतोयस?" बाबांनी आता वर्तमानपत्र खाली केलं. "तोही घरच्या घरी?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी बाबांच्याच शाळेत होतो, त्यांच्याच वर्गात. वशिला म्हणजे काय हे मला दहा वर्षं पाहायलासुद्धा मिळालं नाही. बरोबरीची पोरं म्हणायची, तुझी मजा आहे. मजा! इतरांचे बाबा प्रगतिपुस्तकावर फक्त सही करायचे. माझे बाबा आधी शाळेत गुण कापायचे आणि मग घरी येऊन ते कमी का पडले म्हणून विचारायचे.

म्हणून तो फॉर्म. फॉर्मचं काय झालं ते सांगितलंच. मग मी धंद्यातला सरळ हिशेब केला. वाईट काढता येत नसेल तर त्यावर चांगलं रचायचं. दोन ताऱ्यांच्या डोक्यावर पंधरा-वीस जणांचे पाच-पाच तारे चढवले की झालं. आणि माणसं शोधायला लांब जायची गरजच नव्हती. इमारत भरलेली होती.

मी सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी हा माणूस वाईट नाही, पण त्याला कुठलीही गोष्ट नोटिशीशिवाय पटत नाही. त्यांना मी बजावून सांगितलं, "सवडीने द्यायला सांगा. कोणी आज, कोणी परवा, कोणी पुढच्या आठवड्यात. एकदम नको." त्यांनी मान हलवली. संध्याकाळी जिन्यात नोटीस : 'सर्व सभासदांनी रविवारी दुपारी ठीक चार वाजता तळमजल्यावरील पाळणाघरास पाच तारे द्यावेत. गैरहजर राहणाऱ्यांची नोंद घेतली जाईल.'

"अहो, मी सवडीने म्हटलं होतं!"

"सवडीने म्हटलं की आपल्या इमारतीत कोणी काही करत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पाण्याची टाकी आठवते ना?"

रविवारी चार वाजता इमारतीत जी शांतता पसरली तशी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. सगळे फोनवर. चार वाजून दहा मिनिटांनी सतरा अभिप्राय आले होते, आणि मी ते वाचायला बसलो, ही माझी चूक. पहिल्या मजल्यावरच्यांनी लिहिलं होतं, 'पाळणाघर फार छान. आम्हाला मुलं नाहीत.' दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी लिहिलं होतं, 'माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे, आणि कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, सदर पाळणाघर उत्तम आहे.' एकाने पाच तारे देऊन खाली लिफ्टचं काय झालं असं विचारलं होतं. त्याच्याखाली दुसऱ्याने लिफ्टचंच उत्तर दिलं होतं, पाच तारे देऊन. आणि समोरच्या काकूंनी 'अशी बाई शोधून सापडणार नाही' असं लिहून एकच तारा दिला होता.

मी दार ठोठावलं. "काकू, एकच?"

"एकच म्हणजे काय, पहिला नंबर दिला तिला!" काकूंचा चेहरा नुसता फुलला होता. "मी सगळ्यांना सांगते, पहिला नंबर तिचाच."

"काकू, इथे उलटं असतं. पाच म्हणजे चांगलं."

"पाचवा नंबर चांगला?" काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "काय रे, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?"

अर्धा तास समजावलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. पहिल्यावरून पाचव्यावर टाकून त्या पोरीचं वाईट मी कशाला करू, असं म्हणाल्या, आणि दाराची साखळी लावून घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी गेली की मी बायकोला खाली खेचायला बघतोय.

सोमवारी सकाळी सर्च इंजिनला जाग आली. एकाच इमारतीतून, एकाच दहा मिनिटांत, सतरा माणसांना एकदम एका पाळणाघराचं प्रेम का आलं, असा त्याला संशय आला. आला तर आला. पण संशय घेण्याची त्याची पद्धत पाहा. जेवढे म्हणून चांगलं बोलले तेवढे सगळे त्याने खोटे ठरवून पुसून टाकले. सोळा तर गेलेच, वर आधीच्या दोन खऱ्या आयांचे पाच-पाच तारेही गेले. फक्त वाईट बोलणाऱ्यांवर त्याचा पूर्ण विश्वास! राहिले कोण? बाबांचे दोन आणि काकूंचा एक. सरासरी दीड.

रात्री जेवायला बसलो. बाबांनी आकडा विचारला. मी सांगितला. त्यांनी मनात भागाकार केला.

"तीस टक्के," ते म्हणाले. "आता मात्र नापास."

बायको ताटावरून उठली. तिचं जेवण अर्धंच झालं होतं.

खरं तर तिथे मी थांबायला हवं होतं. पण माणसाचा एकदा अपमान झाला की त्याला थांबणं म्हणजे हार वाटते, आणि इथे तर अपमान माझ्या धंद्यातच झाला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं जगाने म्हणायचं? मी अपील केलं. अपील करायचं तर आधी पाळणाघर खरोखर आहे हे सिद्ध करा, असं उत्तर आलं. त्यासाठी एक न तोडता काढलेला व्हिडिओ पाठवा : रस्त्यापासून सुरुवात, मग पाटी, मग स्वतःच्या चावीने दार उघडताना, मग आत काम चालू असताना. पाच वर्षं रोज सकाळी मी त्या दारावरून जातो. ते आहे हे मी सिद्ध करायचं!

दुपारी दीडला गेलो, कारण बायको तेव्हा बँकेत गेली होती आणि मला तिला मागाहून चकित करायचं होतं. रस्ता छान आला. पाटी आली नाही, कारण पाटीवर सेक्रेटरींची रविवारची नोटीस चिकटवलेली होती. मी एका हाताने ती ओढली. नोटीस निघाली नाही, पाटी निघाली. ती काखेत धरून मी दाराशी गेलो. पाळणाघराची चावी माझ्याकडे नव्हती. कधीच नव्हती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. मी घराची चावी काढून कुलपाजवळ फिरवल्यासारखं केलं आणि दार पायाने लोटलं. आत काळोख. खिडकीला कुठला तरी जाड नवा पडदा लावलेला. मी कुजबुजत, मोबाइलसमोर, 'इथे मुलांचा आनंदी किलबिलाट असतो' असं म्हणत पुढे सरकलो आणि नळाजवळ ठेवलेल्या कुठल्याशा लाकडी पायरीला अडखळून, पाटीसकट, आडवा झालो. मुलं सांभाळणाऱ्या मावशी आतून काठी घेऊन आल्या. "चोर, चोर" एवढंच शेवटी व्हिडिओत ऐकू येतं. मग किलबिलाट झाला, पण तो आनंदी नव्हता.

दुसरा व्हिडिओ काढायची सोय नव्हती. मी तोच पाठवला. निकाल तीन ओळींत आला. 'पाटी आढळली नाही. ग्राहक हालचाल करताना आढळले नाहीत. दार उघडणाऱ्या व्यक्तीचा व्यवसायाशी संबंध दिसत नाही.' आणि त्या संध्याकाळपासून, जो कोणी आमच्या पाळणाघराचं नाव टाइप करी त्याला लाल अक्षरांत दिसू लागलं : 'कायमचे बंद'.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहापासून बायकोचा फोन वाजत होता. "बंद केलंत? आम्हाला सांगायचं तरी." "नाही हो, चालू आहे." "पण इथे बंद लिहिलंय." "इथे म्हणजे कुठे? मी आत उभी राहून बोलतेय तुमच्याशी." लोकांना ते पटेना. एक आई तर पाळणाघरात मुलाला सोडता सोडता, दारात उभी राहून, हातातला मोबाइल दाखवून विचारत होती की नक्की चालू आहे ना. आठ वाजेपर्यंत दोन घरांनी दुसरीकडे चौकशी केल्याचं कळलं. महिना संपायला सहा दिवस होते. टेपने मोजलेल्या खोलीचा विषय घरात कोणी काढत नव्हतं.

बायको माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती फक्त म्हणाली, "आता काही करू नका." मला वाटलं, हिचा माझ्यावरचा विश्वास उडाला. आणि तो कोणामुळे? सर्च इंजिनला हात लावता येत नव्हता. काकूंचं दार बंद होतं. सेक्रेटरी सभेत होते. पलीकडच्या खोलीत बाबा शांतपणे पेन्सिलीला टोक काढत बसले होते. त्या टोक काढण्याच्या आवाजाने माझं डोकं फिरलं.

मी लॅपटॉप उघडला. पाळणाघराच्या मालकाला अभिप्रायाखाली उत्तर द्यायची सोय असते. पासवर्ड माझ्याकडेच होता. मी बाबांच्या दोन ताऱ्यांखाली लिहिलं :

'या गृहस्थांना आम्ही जवळून ओळखतो. यांनी आयुष्यात कोणालाही चांगलं म्हटलेलं नाही. यांचा मुलगा वर्गात पहिला आला तेव्हा यांनी प्रगतिपुस्तकावर सही करताना एवढंच विचारलं की हस्ताक्षर असं का. मुलाने नोकरी धरली, सोडली, धंदा काढला, तो वाढवला. यांचं म्हणणं एकच, बरं. तो मुलगा आज पन्नाशीला आला तरी यांच्या समोर वही घेऊन उभा आहे. अशा माणसाच्या दोन ताऱ्यांवर विसंबून कृपया पाळणाघर निवडू नये.'

बटण दाबलं. फार बरं वाटलं. सुमारे दहा मिनिटं.

पुढे जे झालं ते धंद्यातला माणूस म्हणून मी आजही मान्य करायला तयार नाही. नऊ वर्षं मी लोकांना वर आणायला रात्रीचा दिवस करतो, शब्द निवडतो, फोटो निवडतो. आणि हे उत्तर, कुठलाही प्रयत्न न करता, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानावर पहिलं! एकशे चाळीस माणसांना ते 'उपयुक्त' वाटलं. कोणीतरी त्याचा फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. वकिलांनी वर लिहिलं, 'अब्रुनुकसानी होऊ शकते, पण मजकूर प्रभावी आहे.'

बाबांनी ते संध्याकाळी वाचलं. चहा घेता घेता म्हणाले, "तुझं उत्तर पाहिलं."

मी माझ्या कपात आणखी साखर घातली.

"हस्ताक्षराचं मला आठवत नाही," ते म्हणाले. मग कप विसळून ठेवला आणि खोलीत गेले. मला वाटलं होतं, ते चिडतील. त्यांनी चिडायला पाहिजे होतं. माझी भांडणाची सगळी तयारी वाया गेली आणि त्याचाही मला रागच आला.

बायको मात्र बोलली. "माझ्या नावाने लिहिलंत तुम्ही ते. खाली मालक म्हणून माझं नाव आहे. ते माझे वडील नाहीत, मला त्यांचा काही राग नाही, आणि जगाला वाटतंय की मी सासऱ्यांना चव्हाट्यावर आणलं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी, अकराच्या सुमाराला, मावशींनी खालून हाक मारली की कंपनीतून एक बाई आल्या आहेत. मी शर्ट बदलून, लॅपटॉप घेऊन, दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो. आत बायको उभी होती, कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा होते. ते तिथे का होते ते मला कळेना. कंपनीच्या बाई जाड चष्म्याच्या, कोणाकडे बघून हसायची घाई नसलेल्या.

मी सुरुवात केली. "मानांकनाचं म्हणाल तर काही तांत्रिक कारणांनी..."

"तुम्ही कोण?"

"मी यांचा... मी ऑनलाइन बघतो."

"अच्छा, ते उत्तर तुमचं." बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. "खरं सांगू का, 'कायमचे बंद' वाचून मी नाव खोडलंच होतं. पण बंद पडलेल्या पाळणाघराचा मालक एवढा कशाला भांडेल, म्हणून कोणाशी भांडतोय ते वाचलं." कागदावर बाबांचा अभिप्राय छापलेला होता. बाई तो वाचत एकेक गोष्ट तपासू लागल्या, आणि मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

'हात धुण्याचा नळ चार वर्षांखालील मुलाच्या हाताला येत नाही.' बाईंनी नळाखालची लाकडी पायरी पाहिली, तिच्यावर स्वतः पाय देऊन पाहिला. 'दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून तीन मुलांच्या डोळ्यांवर ऊन येते.' पडदा पाहिला. 'आतल्या खोलीची कडी मूल आतून लावू शकते.' कडी काढून टाकलेली होती, लाकडावर चार भोकं होती. 'बाईंना प्रत्येक मुलाची झोपायची सवय पाठ आहे. दोन मुलांना पाठीवर थोपटलेले आवडत नाही, हेही ठाऊक आहे. शिक्षिकेत हा गुण दुर्मीळ असतो.' इथे बाईंनी बायकोकडे पाहिलं. 'गोष्ट सांगताना शेवटी घाई करतात.'

"ती अजून होते," बायको म्हणाली. "पाच वाजता सगळे न्यायला येतात ना."

"हे सगळं कधी केलंत?" कंपनीच्या बाईंनी तिला विचारलं.

"अभिप्राय आला त्याच आठवड्यात. बाबा चार दुपारी इथे वही घेऊन बसले होते. एवढं नीट कोणी बघितलं नव्हतं आजवर."

बाबा खुर्चीत ताठ बसून राहिले. मला गप्प बसवेना. एवढा सगळा वेळ मी या कामासाठी झटलो, आणि माझ्याबद्दल एक शब्द नाही! "बाई," मी म्हणालो, "आमच्याकडे पालक कुठले शब्द टाइप करून येतात याचा माझा पूर्ण अभ्यास आहे. 'विश्वासू', 'जवळचं', 'स्वच्छ'..."

"यातल्या एखाद्या मुलाचं नाव सांगा," बाई सहज म्हणाल्या.

समोर सतरंजीवर एकवीस मुलं होती. मी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मला एकाचंही नाव येत नव्हतं. एकवीस आहेत हेसुद्धा मी आत्ता मोजलं. वेबसाइटवर मी सोळा लिहून ठेवली होती, पाच वर्षांपूर्वी. बायकोने खाली पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती, आणि बाबा पहिल्यांदाच, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासाठी कळवळावं तसे, माझ्यासाठी कळवळलेले दिसले. ते मला सगळ्यात जास्त झोंबलं.

चार दिवसांनी पत्र आलं. काम मिळालं. शेवटी एक अट होती, की पाळणाघराच्या ऑनलाइन पानाला यापुढे कोणी हात लावू नये. 'कोणी' म्हणजे कोण ते लिहिण्याची त्यांना गरज वाटली नाही. बायकोने शेजारची खोली उघडली, झाडून घेतली. ते 'कायमचे बंद' अजून तसंच आहे. मी म्हटलं, निदान ते तरी काढतो. "राहू दे," ती म्हणाली. "उगीचचे फोन येत नाहीत. मुलं नीट झोपतात."

त्या संध्याकाळी मी घरात येरझाऱ्या घालत होतो. सर्च इंजिनवर राग होताच. सेक्रेटरींवर होता, काकूंवर होता, बाबांवर तर जन्माचा होता. मी सगळा बोलून दाखवला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ऐकून घेतलं.

"बाबांचे दोन तारे मला लागले नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी सतरा माणसं गोळा केलीत. त्यांच्यात तुम्ही नव्हता. त्या बाई येईपर्यंत पाच वर्षांत तुम्ही खाली एकदा आलात, तेही मोबाइल धरून, मी नसताना."

मला रागाने उत्तर द्यायचं होतं. राग होता, पण तो ठेवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, काही न घेता, मी खाली गेलो. बायको मोठ्या मुलांना हात धुवायला नेत होती. तिने बसा म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. सतरंजीच्या कडेला एक बुटकं स्टूल होतं, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलो. दोन वेण्यांची एक मुलगी हातातलं चित्र टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू कोणाला न्यायला आलास?"

"कोणालाच नाही."

तिने मला नीट पाहून घेतलं आणि वळून बाकीच्यांना सांगितलं, "हा नवीन आलाय. अजून रडला नाही."

ते सांगायची तिने जरा घाईच केली.